आधी फर्मा, मग गिटार

तिफणीपासून सुरुवात

जामखेड हा रब्बी ज्वारीचा मुलूख. ज्वारीच्या दोन ओळींत दीड फुटाचं, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचं अंतर ठेवतात, आणि ते वावरात उभं राहून कुणी टेपनं मोजत नाही. सुतारानं पेरणीच्या तिफणीच्या दिंडाला भोकं पाडून फण ठोकले तेव्हाच ते मोजून झालं. पुढं एकर पेरा नाहीतर दहा एकर, तिफण बाप धरो की पोरगा, ओळी तेवढ्याच अंतरावर पडणार. सुताराचं भोक चुकलं असेल तर ती चूकही तेवढीच पडणार, सगळ्या वावरभर.

वर्कशॉपमधली जिग याहून वेगळी नाही. मोजमाप एकदाच, निवांत वेळी करायचं आणि लाकडात किंवा लोखंडात गाडून ठेवायचं. मग कामाच्या घाईत ते पुन्हा करावं लागत नाही. सुतार फर्मा म्हणतात, वीटभट्टीवर साचा म्हणतात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सरळ जिग. मी माझ्यापुरता फरक असा करतो: फर्मा आकार दाखवतो, साचा आकार धरून ठेवतो आणि जिग हत्याराला वाट दाखवते. गिटार करायची तर तिन्ही लागतात.

मी गिटार करतो ती हौसेनं, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नगर इथून साधारण पाऊणशे किलोमीटर, पुणं त्याच्याही पुढं. तयार जिग परदेशातून मागवता येतात, पण किंमत, टपाल आणि कस्टम धरलं तर तेवढ्यात गिटारचं लाकूड येतं. शिवाय गावात खिडक्यांचे फॅब्रिकेटर आहेत, बुरूड आहेत, ग्रॅनाइट कापणारे आहेत. त्यांच्याकडचे उरलेसुरले तुकडे जमवले की निम्म्या जिग तयार होतात.

सतारीला जे चालतं

महाराष्ट्रात तंतुवाद्यं करण्याचं गाव म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथं शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, या कामाकडं वळले. त्यांत फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मग इतक्या जुन्या कामातली जिग आपण का उचलू नये?

कारण सतारीचं गणित वेगळं आहे. तिचा भोपळा शेतात पिकतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. वेलीवरचे दोन भोपळे कधी सारखे नसतात, त्यामुळं लाकूड भोपळ्याला जुळवून घ्यावं लागतं. ठरीव साच्याला तिथं फारसं काम नाही, डोळ्याला आहे. आणि सतारीचे पडदे दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात. एखादा स्वर चढा वाटला तर वाजवणारा बोटानं पडदा सरकवतो. करणाऱ्याची बारीक चूक वाजवणारा रोज दुरुस्त करू शकतो.

गिटारचा फ्रेट सरकत नाही. फिंगरबोर्डवर करवतीनं खाच मारायची आणि त्यात धातूची तार ठोकून बसवायची. खाच चुकली की तो स्वर त्या गिटारच्या जन्माला चुकला. म्हणून सगळ्यात आधी करायची जिग ती फ्रेटच्या खाचांची.

सूत इथं चालत नाही

आपल्याकडचा सुतार सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. दाराच्या चौकटीत अर्धं सूत इकडंतिकडं झालं तर रंधा मारून भागतं. फ्रेटला अर्ध्या सुताची चूक कानाला टोचते.

किती टोचते ते बघू. क्लासिकल गिटारच्या तारेची वाजणारी लांबी बहुधा ६५० मिलिमीटर धरतात. स्पेनमधल्या आंतोनियो तोरेसनं एकोणिसाव्या शतकात हे माप रूढ केलं. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, म्हणजे प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी १७.८१७ नं भागायची. आलेला आकडा हे पुढच्या फ्रेटचं अंतर. पहिला फ्रेट ३६.४८ मिलिमीटरवर येतो, पाचवा १६३.०५ वर, सातवा २१६.१८ वर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३२५ वर. एकोणिसावा ४३३.०९ वर.

जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ नं भागत. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये छापलेल्या ग्रंथात हेच प्रमाण दिलं आहे. हिशोब सोपा, पण १८ नं भागत गेलं तर बारावा फ्रेट ३२२.६ वर येतो, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर आधीच. कॅल्क्युलेटर खिशात असताना ही काटकसर कशाला?

आता चुकीचा हिशोब. दोन लगतच्या स्वरांत १०० सेंट असतात. पहिल्या फ्रेटवर एक मिलिमीटर चुकलं तर स्वर तीन सेंटनं हलतो, बाराव्यावर पाचानं, एकोणिसाव्यावर आठानं. आपल्या संगीतातली सगळ्यात लहान श्रुती साधारण २२ सेंटची, त्यामुळं पाच-आठ सेंट किरकोळ वाटतील. पण एकाच कॉर्डमध्ये एक स्वर पाचानं चढा आणि दुसरा आठानं उतरा असला की गिटार कधीच लागल्यासारखी वाटत नाही.

यातून मोजण्याचा एक नियम निघतो. प्रत्येक फ्रेट नटपासून, म्हणजे तारा जिथं डोक्याकडं टेकतात तिथून मोजायचा, आधीच्या फ्रेटपासून नाही. दर वेळी ०.२ मिलिमीटर जास्त पडत गेलं तर एकोणिसाव्याला पावणेचार मिलिमीटर झालेले असतात, आणि हाताची चूक बहुधा एकाच बाजूला जाते.

करवतीची पेटी

या जिगचं अंग साधं आहे. ७०० मिलिमीटर लांब सपाट फळी, तिच्यावर समोरासमोर दोन कडा, आणि कडांना आडवी, काटकोनात, करवत जाण्याची फट. फिंगरबोर्ड कडांमधून सरकतो, करवत फटीतून चालते.

कडांसाठी मी खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे वापरले. लाकडी कडा दोन पावसाळ्यांत वाकतात, ॲल्युमिनियम तसं वाकत नाही. करवतीच्या फटीत दोन्ही बाजूंना छोटी बॉल बेअरिंग बोल्टनं बसवली, गॅरेजमध्ये मिळतात तीच. नुसती लाकडी फट ठेवली तर करवत तिलाच खात जाते आणि पन्नासेक खाचांनंतर हलायला लागते.

काटकोन गुण्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. आधी गुण्याच तपासा. सरळ कडेला टेकवून एक रेषा मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेषा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्याची चूक. पेटीही अशीच तपासायची: फळीवर एक खाच मारायची, फळी उलटून तीच खाच पुन्हा फटीखाली आणायची आणि करवत आत जाते का बघायचं.

मोजमाप टेम्प्लेटमध्ये असतं. तीन मिलिमीटर जाड ॲक्रिलिकची पट्टी घेऊन तिच्या कडेला फ्रेटच्या जागी खाचा करायच्या. पेटीच्या कडेला एक बारीक पिन बसवायची. टेम्प्लेट दुहेरी टेपनं फिंगरबोर्डला चिकटवला की त्याची एकेक खाच पिनवर बसते, आणि प्रत्येक खाचेला करवतीचा एकच मार. मोजायचं काही उरत नाही. ॲक्रिलिक कापायला नंबरप्लेट आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांचं लेझर यंत्र चालतं. लेझरही थोडी जागा खातो, म्हणून पिनची खाच जराशी लहान कापून घ्यावी आणि कानशीनं पिनला घट्ट बसेल इतकी उघडावी.

करवत हा वेगळाच त्रास. फ्रेटच्या तारेची जीभ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि खाच ०.६ च्या पुढं गेली की तार सैल बसते. साध्या टेनन करवतीची खाच त्याहून रुंद पडते, कारण तिचे दात एकाआड एक बाहेर वळवलेले असतात. करवत धारेच्या दगडावर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी हलकेच चार-पाचदा घासली की दातांचा फाकाटा कमी होतो. प्रत्येक वेळी टाकाऊ लाकडात खाच मारून तार बसवून बघा. एकदा जास्त घासली तर परत नाही.

माझी पहिली चूक इथंच झाली. टेम्प्लेटचा नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला आणि छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय मी तसाच राहू दिला. नकाशा तीन टक्के आकसला. खाचा मारून झाल्यावर बारावा मोजला तर ३१५ भरला. फिंगरबोर्ड शिसवाचा होता, आणि तोंडाला चव राहिली नव्हती. दोन दिवसांनी डोक्यात आलं की आकसायचं तर सगळंच सारखं आकसलं आहे. ही ६५० ची बिघडलेली गिटार नाही, ६३०.५ ची नीट गिटार आहे. घोडी त्या मापानं पुढं घेतली आणि ती आजही सुरात आहे. तिफणीचं भोक चुकलं तरी ओळी सरळच येतात, तसं.

अर्धाच नकाशा

गिटारच्या अंगाचा आकार कागदावर पूर्ण काढू नका. मधली रेषा मारा, एकच बाजू काढा, त्याचा सहा मिलिमीटर प्लायचा फर्मा करा. एका बाजूनं गिरवायचा आणि उलटून दुसऱ्या बाजूनं. डोळ्यानं दोन बाजू सारख्या काढता येत नाहीत. उलटलेला फर्मा मात्र स्वतःशी खोटं बोलत नाही.

याच फर्म्यावरून बाहेरचा साचा होतो. १८ मिलिमीटर प्लायचे चार थर एकावर एक चिकटवले की ७२ मिलिमीटर जाडी मिळते आणि गिटारच्या बाजू धरायला ती पुरते. साचा दोन तुकड्यांत करून टोकांना बोल्टनं जोडायचा, नाहीतर तयार झालेलं अंग आत अडकून बसतं. पहिला थर जिगसॉनं कापून नीट घासा, बाकीचे थर त्याच्यावर चिकटवून राउटरच्या बेअरिंगवाल्या पात्यानं त्याच्याबरोबर करा. थर चिकटवायला साधा फेव्हिकॉल पुरतो.

वाकवायचं कसं

बाजूच्या पट्ट्या साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या. लाकूड ओलं करून तापवलं की त्यातलं लिग्निन मऊ होतं आणि तंतू एकमेकांवरून सरकतात. थंड झालं की आकार धरून बसतं. त्यासाठी तापलेला पाइप लागतो. जीआय पाइप मात्र घेऊ नका. जास्त तापला तर त्यावरच्या जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीला वाईट. दोन इंची काळा लोखंडी पाइप शिकंजात आडवा धरायचा, आत गॅसच्या बर्नरची ज्योत सोडायची. पाण्याचा थेंब टाकला की तो टुणकन उडून गेला पाहिजे. नुसताच उकळून आटला तर पाइप थंड आहे, लाकूड काळं पडलं तर फार तापला.

पाइपावर आकार येतो, पण तो हात काढला की थोडा उलगडतो. म्हणून आकाराचा एक भरीव ठोकळा हवा. वाकवलेली पट्टी गरम असतानाच त्याच्यावर बांधून रात्रभर ठेवायची. कमरेच्या वळणावर लाकूड सर्वांत जास्त मोडतं, त्यामुळं आधी कंबर, मग वरचं आणि खालचं वळण.

हे काम बघायला जामखेडकराला लांब जायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथं सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात जयपूर फूट पद्धतीचे कृत्रिम पाय तयार होतात. जयपूर फूट हे पाऊल १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा या कारागिरानं डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर घडवलं. पावलाला जोडायची नळी आज एचडीपीई पाइप तापवून, रुग्णाच्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर ओढून केली जाते. गरम आणि मऊ करायचं, साच्यावर बसवायचं, थंड होईतो हलू द्यायचं नाही. गिटारच्या बाजूला हेच तीन नियम.

बुरुडाच्या कामट्या

गिटारच्या वरच्या फळीला आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात. क्लॅम्प फळीच्या मध्यापर्यंत पोचत नाहीत. त्यावर जुना उपाय म्हणजे गो-बार: एकावर एक दोन फळ्या, मध्ये साधारण ६०० मिलिमीटर जागा, आणि त्या जागेत जरा लांब काठ्या वाकवून अडकवायच्या. वाकलेली काठी सरळ व्हायला बघते आणि पट्टीला दाबून धरते.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काठी स्वतःच माप सांभाळते. क्लॅम्प पिळत गेलं तर जोर वाढतच जातो, पातळ फळी चेपते. वाकलेली काठी मात्र एका ठरावीक जोराच्या पुढं फारसा दाब देत नाही, तुम्ही तिला थोडी वाकवा की जास्त. हे गणित ऑयलरनं १७४४ मध्ये मांडलं होतं.

बाजारात फायबरग्लासच्या काठ्या मिळतात. मी बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या आणि एकेक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरून वाकवून बघितली. काटा दोन-अडीच किलोवर स्थिरावेल त्या ठेवल्या. एक किलोवरच झुकल्या त्या सारवायच्या टोपलीला गेल्या, काटा पाच किलोवर नेणाऱ्या पुन्हा रंध्याखाली. चाळीस कामट्यांतून तीस निघाल्या. घरच्यांनी हा प्रकार तासभर बघितला आणि शेवटी काटा धुवून द्यायला सांगितलं.

पंचवीस फुटांची दोरी

गिटारची फळी सपाट दिसते, पण बहुतेक कारागीर तिला बारीकसा फुगवटा देतात. सपाट फळी कोरड्या हवेत आकसली तर तिला जायला जागा नसते आणि ती चिरते. फुगलेली असली तर थोडी बसते, पावसाळ्यात पुन्हा उठते. वरच्या फळीला २५ फूट त्रिज्येचा गोल, मागच्याला १५ फुटांचा, हे माप पुष्कळ जण घेतात. त्यासाठी ६०० मिलिमीटर व्यासाची उथळ परातीसारखी थाळी करतात. २५ फुटांच्या गोलाला तिचा मध्य फक्त सहा मिलिमीटर खोल, १५ फुटांच्या गोलाला दहाला थोडं कमी.

थाळी खणायला राउटरखाली दोन वाकड्या रुळांची घसरगुंडी लागते, आणि त्या रुळांचं वळण आधी काढावं लागतं. मी अंगणात खुंटी ठोकून २५ फुटांच्या नायलॉन दोरीनं कंस काढला. दोरी ताणली तशी लांबत गेली. एका टोकाला एक वळण, दुसऱ्या टोकाला दुसरं. दुसऱ्यांदा बांधकामाची तार घेतली, तेव्हा जमलं. अंगण नसेल त्यांनी एवढं करावं: ६०० मिलिमीटरच्या पट्टीवर दोन टोकांना दोन खिळे, मध्ये सहा मिलिमीटर बाजूला तिसरा, आणि एक लवचीक पट्टी तिन्हींना टेकवून रेषा. कंस पुरेसा खरा येतो.

मग थाळीच्या मध्यात बोल्ट घालून ती फिरती ठेवायची, राउटर रुळांवरून इकडून तिकडं न्यायचा आणि दर फेरीला थाळी थोडी वळवायची. धूळ भयंकर उडते. मास्क लावा, आणि वाळत घातलेले कपडे आधी आत न्या.

पावसाळा आणि जिग

एमडीएफ स्वस्त आणि सपाट असतं, पण दमट हवेत कडांना फुगतं. थाळी असो की टेम्प्लेटची फळी, सगळ्या बाजूंनी लाखेचं पॉलिश द्यायचं, खालची बाजूही. खालची विसरली तर फळी वाकते. वर्षातून एकदा सगळ्या सपाट जिग ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवून तपासतो. किचन ओट्यातून उरलेला तुकडा यंत्रावर घासलेला असतो. लाकडी पट्टीपेक्षा त्याच्यावर विश्वास जास्त.

पट्ट्या चिकटवायला हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असावी. आमच्या भागात ती दिवाळीनंतर बरी सापडते. भर पावसात चिकटवलेली फळी उन्हाळ्यात आकसून तडकते, हा अनुभव एकदाच पुरतो. भिंतीवर लावायचा छोटा आर्द्रतामापक घ्या आणि तो दाखवेल तेव्हाच गोंद काढा.

जिथं जिग करू नये

एक गिटार करायची असेल तर खाचांची पेटी, गो-बार आणि साचा पुष्कळ झाले. थाळीऐवजी पट्ट्यांनाच रंध्यानं वळण द्या. तीन-चार करायच्या असतील तर वरचं सगळं करा. आणि घोडीची जागा ठरवताना कागदावरच्या ६५० वर थांबू नका. दाबलेली तार ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून नायलॉनच्या तारांना साधारण दोन मिलिमीटर आणि स्टीलच्या तारांना त्याहून थोडं जास्त मागं जावं लागतं.

वरची फळी किती पातळ करायची, हे मात्र कुठल्याही जिगला सांगता येत नाही. दोन फळ्या एकाच झाडाच्या असल्या तरी एक २.४ मिलिमीटरवर बोलते, दुसरी २.१ वर. बोटानं टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा रंधा मारायचा. मिरजेत जवारी काढणारा घोडीचा माथा कानशीनं घासतो आणि दर चार घासण्यांनंतर तार छेडून बघतो, तसंच हे.

सुरुवात करणाऱ्याला एवढंच सांगेन: पहिली फिंगरबोर्ड पट्टी शिसवाची घेऊ नका. वाळलेल्या बाभळीचा फाळका घ्या, पेटीत घाला, १९ खाचा मारा आणि नटपासून बाराव्या खाचेपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजा. ३२५ भरले तर पुढं चला. ३१५ भरले तर घोडी ६३०.५ च्या हिशोबानं लावा आणि पुढच्या वेळी छापताना ‘पानात बसवा’ काढून टाका.